पुन्हा व्यसन जडले म्हणून दार लावू नका

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा नागापूर एमआयडीसीत रात्रपाळीला. पाठदुखीसाठी सुरू झालेली ट्रामाडॉलची गोळी दिवसाला दहावर गेली होती. व्यसनमुक्ती केंद्रात उपचार झाले, चार महिने बरे गेले आणि पुन्हा गोळ्या सुरू. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता आमच्या दारात याला जागा नाही."

वाचकहो, अफू, गर्द, कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल हे सारे एकाच कुळातले. रोज घेतल्यावर शरीराला त्यांची सवय होते. अचानक बंद केल्यास अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी मुले याला 'टर्की' म्हणतात. हे सोंग नव्हे. म्हणून खोलीत कोंडून किंवा शपथा घालून व्यसन सुटत नाही.

१९८० च्या दशकात गर्दने पुण्या-मुंबईची तरुण मुले पोखरली, तेव्हा डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा त्याला आधार होता. तिथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले गेले आणि घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतले गेले. आज ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधेही आहेत. मान्यताप्राप्त केंद्रात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घेतल्यास तलफ आवरते. "एक व्यसन सोडवून दुसरे लावले" असे म्हणून ती मध्येच बंद करू नयेत.

घरच्यांनी एक धोका मात्र पक्का ध्यानात ठेवावा. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच मापाने घेतलेली मात्रा श्वास बंद पाडू शकते. माणूस हलवूनही जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल, ओठ निळे पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि ताबडतोब १०८ ला फोन करा. नॅलोक्सोनच्या इंजेक्शनने जीव वाचू शकतो. घराबाहेर काढलेल्या मुलाजवळ अशा वेळी कोण असणार?

मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, औषध तपासून घेतो. इथेही तेच करावे. टोमणे नकोत. हाती रोख पैसे कमी द्यावेत, पण ताटावर सोबत बसवावे. तपासणीला बरोबर जावे. १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाईनवर सल्ला मिळतो.

हे सारे मी त्या वडिलांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी मुलाला एवढेच म्हणाले, "चल, उद्या सकाळी निघू." मुलाचे उपचार पुन्हा चालू आहेत. दर खेपेला वडील सोबत असतात. अर्धे औषध तेच आहे.