तुटणारी क्रियापदे, न तुटणारी क्रियापदे

सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून त्याचा अर्थच पालटण्याची इंग्रजीची सवय परक्यांना सगळ्यात जड जाते, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून ठेवले आहे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे, हार मानणे. अशा जोड्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात. त्यांतल्या काही मध्येच तुटतात आणि कर्म दोन शब्दांच्या मधोमध जाऊन बसते. काही मात्र काही केल्या तुटत नाहीत. इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच भाषकांना बहुधा दोन रकान्यांच्या लांबलचक याद्या पाठ करायला देतात : तुटणारी एकीकडे, न तुटणारी दुसरीकडे. या याद्यांमुळे मूळ गोष्ट झाकली जाते, असे माझे म्हणणे आहे. कोणती जोडी तुटायची हे लहरीवर ठरत नाही, त्यामागे नियम आहे. आणि तो समजून घेण्याची अर्धी तयारी फ्रेंच भाषकाच्या मातृभाषेनेच करून ठेवली आहे.

नियम कळण्यासाठी एकच जोडी जवळून पाहू. ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडी धावत चढला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने मोठे बिल करून ठेवले. कागदावर दोन्ही वाक्यांचा साचा हुबेहूब सारखा दिसतो. आता टेकडी आणि बिल काढून तिथे सर्वनाम घाला. टेकडीचे होते ‘ही रॅन अप इट’, बिलाचे होते ‘ही रॅन इट अप’. पहिल्या वाक्यात ‘अप’ हे शब्दयोगी अव्यय आहे. त्याचे नाते टेकडीशी आहे, म्हणून ते तिला सोडून जात नाही. दुसऱ्यात ‘अप’ क्रियाविशेषण आहे आणि त्याचे नाते क्रियापदाशी आहे; म्हणून कर्माला मध्ये शिरायला जागा मिळते. नाम असेल तर दोन्ही जागा चालतात : ‘टर्न ऑफ द लाइट’ किंवा ‘टर्न द लाइट ऑफ’. सर्वनाम मात्र मध्येच बसते : ‘टर्न इट ऑफ’. कारण उच्चारात आहे. क्रियाविशेषणावर आघात येतो, तर ‘इट’सारखे सर्वनाम हलके, आघाताविना उच्चारले जाते. इंग्रजी वाक्य सहसा वजनदार शब्दावर संपवते. आघात असलेल्या क्रियाविशेषणामागे हलके सर्वनाम टाकलेले तिला चालत नाही. उलट कर्म लांबलचक असेल तर तेच शेवटी जाते आणि जोडी एकत्र राहते.

नाम एका जागी आणि सर्वनाम दुसऱ्या जागी, ही गोष्ट फ्रेंच भाषकाला नवी नाही. दिवा मालवतो म्हणताना तो ‘जेतँ ला ल्युमिएर’ म्हणतो. तिथे नाम क्रियापदानंतर येते. त्याऐवजी सर्वनाम आले की वाक्य होते ‘ज लेतँ’, आणि सर्वनाम उडी मारून क्रियापदाच्या आधी जाते. लहानपणापासून तो हलक्या सर्वनामाला वेगळी जागा देत आला आहे. इंग्रजीतली जागा निराळी, तत्त्व ओळखीचे. बोलीभाषेतल्या ‘इल लुई कूर आप्रे’ या वाक्यात, म्हणजे ‘तो तिच्यामागे धावतो’ म्हणताना, सर्वनाम पुढे जाते आणि ‘आप्रे’ हा छोटा शब्द क्रियापदापाशी एकटा उरतो. घरचे हे उदाहरण शिक्षकाने दाखवले, तर ‘इट’ मध्ये का येतो हे समजवायला वेगळी यादी लागत नाही.

न तुटणाऱ्या जोड्यांकडे वळले की फ्रेंच भाषकाची अडचण बदलते. तिथे चुकीच्या जागी तोडण्यापेक्षा छोटा शब्दच गाळण्याचा धोका मोठा. वाट पाहणे, ऐकणे, पाहणे, शोधणे यांसाठी फ्रेंचमध्ये ‘आतांद्र’, ‘एकुते’, ‘रगार्दे’, ‘शेर्शे’ ही क्रियापदे आहेत आणि ती थेट कर्म घेतात. इंग्रजीला तिथे ‘वेट फॉर’, ‘लिसन टू’, ‘लुक ॲट’, ‘लुक फॉर’ लागते. म्हणूनच ‘आय वेट यू’, ‘लिसन मी’ अशी वाक्ये तोंडात येतात. या विद्यार्थ्याला ‘वेट फॉर’ तोडू नकोस असे बजावण्यापेक्षा ‘फॉर’ विसरू नकोस हे सांगणे जास्त उपयोगाचे.

पण सगळ्यात खोल अडचण वाक्यरचनेच्याही पलीकडची आहे. भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड टॅल्मी यांनी १९८५च्या सुमारास भाषांमधला एक फरक मांडला. इंग्रजी हालचालीची दिशा छोट्या शब्दात सांगते, फ्रेंच ती क्रियापदातच सांगते. नदी पोहून पार करायची तर इंग्रजी ‘स्विम अक्रॉस’ म्हणते; फ्रेंच आधी ‘पार करणे’ म्हणते, पोहण्याचा उल्लेख मागून जोडते. त्यातच १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच आणि लॅटिनमधून हजारो शब्द इंग्रजीत आले. त्यामुळे ‘गो ऑन’साठी ‘कंटिन्यू’, ‘पुट अप विथ’साठी ‘टॉलरेट’ असे ओळखीचे शब्द फ्रेंच भाषकाला आयते मिळतात आणि फ्रेजल व्हर्ब टाळायची वाट खुली राहते. या टाळण्याचा अभ्यास इतर भाषांच्या बाबतीत झालेला आहे. अशा जोड्या नसलेल्या हिब्रूच्या भाषकांवरील १९८५च्या अभ्यासात टाळाटाळ दिसली. तशा जोड्या असलेल्या स्वीडिशच्या भाषकांवरील १९९३च्या अभ्यासात ती दिसली नाही.

मग टाळले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारेल. अर्जात किंवा निबंधात फारसे काही बिघडत नाही. पण घरात दिवा ‘एक्स्टिंग्विश’ कर म्हणणे कानाला खटकते, आणि समोरच्याच्या तोंडची फ्रेजल व्हर्ब तर टाळताच येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियम आघातावर उभा आहे आणि फ्रेंचमध्ये आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इमॅन्युएल डुपू आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले, की आघाताचा फरक ओळखणे फ्रेंच भाषकांना स्पॅनिश भाषकांपेक्षा पुष्कळ कठीण जाते. हे खरे आहे, पण म्हणूनच सर्वनामाची कसोटी मोलाची : तिला तरबेज कान लागत नाही. शिवाय फ्रेंच वाक्खंडाचा जोर शेवटी पडतो आणि ‘टर्न इट ऑफ’मध्येही तो शेवटीच येतो. अपवाद आहेत, हा तिसरा आक्षेपही मान्य. ‘टेल अपार्ट’मध्ये कर्म नाम असो वा सर्वनाम, सहसा मध्येच येते, ‘पुट अप विथ’चा अर्थ त्याच्या तुकड्यांवरून लागत नाही. अशांची यादी जरूर असावी, पण अपवादांची यादी आखूड असते.

एकूण पसाराही दिसतो तितका अफाट नाही. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ साली दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये मोजणी केली. त्यातल्या फ्रेजल व्हर्बचा निम्म्याहून अधिक वापर केवळ वीस क्रियापदे आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांनी व्यापला होता. छोट्या शब्दांच्या अर्थातही सूत्र सापडते. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्रिंक अप’ यांत ‘अप’ काम पुरते झाल्याचे सांगतो. ‘खाऊन टाकले’ मधल्या ‘टाकणे’शी मराठी वाचकाला हे ताडून पाहता येईल. म्हणून फ्रेंच भाषकांना इंग्रजी शिकवणाऱ्यांनी दोन रकान्यांच्या याद्या बाजूला ठेवाव्यात आणि प्रत्येक नवी जोडी सर्वनामासकट, पूर्ण वाक्यात द्यावी : ‘टर्न इट ऑफ’, ‘लुक इट अप’, ‘वेट फॉर मी’. जोडी तुटते की नाही, हे त्या वाक्यातच विद्यार्थ्याला कळते.