विश्लेषण : ‘जोहरी खिडकी’तून साहेबांना काय दिसत नाही?

बैठकीच्या शेवटी साहेब विचारतात, ‘कुणाला काही सांगायचंय?’ सगळे गप्प. साहेबांना वाटते, सारे आलबेल आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेली ‘जोहरी खिडकी’ इथे उपयोगी पडते. (यातला जोहरी रत्नपारखी नव्हे, जो आणि हॅरी या नावांची ती जोड.) या खिडकीला चार तावदाने. एक सर्वांना दिसणारे, एक आपण झाकलेले, एक कुणालाच ठाऊक नसलेले. उरते ते ‘अंध’ तावदान : इतरांना दिसते, आपल्याला नाही. दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडण्याची सवय बहुधा इथलीच. हुद्द्यासोबत हे तावदान रुंदावण्याचा धोका असतो. वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हाती, त्याला खरे कोण सांगणार?

म्हणून ‘मी कसा वाटतो?’ हा प्रश्न निरुपयोगी. उत्तर ‘छान, सर’ हेच येते. त्याऐवजी एकट्याला गाठून ‘आज मी कुणाला मध्येच थांबवले का?’ असे नेमके विचारावे. ‘होय’ म्हटले, तर लगेच खुलासा देऊ नये. तसा मोह फार होतो. पुढच्या बैठकीनंतर त्याच सहकाऱ्याला पुन्हा विचारावे.