ऐकायला लागलेली वर्षं

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी अर्जुनी मोरगाव सोडते आणि थोड्या वेळात वडसा येतं. झाडीपट्टीची नाटकं जिथून गावोगाव निघतात, ते हे वडसा. इथल्याच देसाईगंज पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याबद्दल दोन पोलिसांवर खटला उभा राहिला. देशाला तो ‘मथुरा प्रकरण’ म्हणून माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून. पुढच्या वर्षी वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. त्यातून पेटलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

त्या आंदोलनाचे ऋण मोठे आहे. पण मला एक गोष्ट सलते. डॉक्टरांनी त्या मुलीचं वय चौदा ते सोळा सांगितलं होतं. सारा वाद संमतीभोवती फिरला आणि ती लहान होती, हे मागे पडलं.

मुलांचा म्हणून वेगळा विचार व्हायला पुढची तीन दशकं गेली. गोव्यात १९९१ मध्ये फ्रेडी पीट पकडला गेला. मुलांना आसरा देणारा म्हणून मिरवणारा हा माणूस त्याच मुलांचं शोषण करत होता. १९९६ मध्ये त्याला शिक्षा झाली आणि २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला. २००७ मध्ये केंद्र सरकारने तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसला होता. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, थोडे जास्तच होते. ‘पोराला काय होतंय’ म्हणणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचायला हवं होतं. फार थोड्यांनी वाचलं.

१४ नोव्हेंबर २०१२ ला मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू झाला. या कायद्याचे बारकावे मला फार मोलाचे वाटतात. जबाब घ्यायला पोलीस मुलाच्या घरी जातील, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात थांबवायचं नाही. कोर्टात आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये, म्हणून मध्ये पडदा. वकिलाने प्रश्न थेट मुलाला विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे. मधून मधून मुलाला विश्रांती द्यायची. आणि ज्याला कळलं त्याने कळवायचंच. गप्प राहणं हाही गुन्हा. देसाईगंजच्या ठाण्यापासून इथवर यायला चाळीस वर्षं लागली.

तरी नजर सहज बदलत नाही. पेरू देतो म्हणून बारा वर्षांच्या मुलीला घरात नेणाऱ्या माणसाचा खटला नागपूर खंडपीठापुढे आला. गोंदियाची अपिलंही याच खंडपीठाकडे जातात. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालय म्हणालं, कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोतला लैंगिक हल्ला नव्हे. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. महत्त्वाचा आहे हेतू, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नव्हे. पण नागपूरचा तो निकाल आठवला की अजून अस्वस्थ व्हायला होतं.

मार्च २०२२ मध्ये राज्याने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, लोक रुळांवर उतरले, आणि शासनाला तक्रारपेट्या, सीसीटीव्ही, समित्या यांचा नव्याने आदेश काढावा लागला.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात हे आदेश कुठे पोचायला हवेत, ते पाहा. धानाच्या रोवणीत आईबाप सकाळी बांधीत उतरतात ते सांजवेळी परततात. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. लहानगी मागे राहतात, शेजाऱ्याच्या, नातलगाच्या भरवशावर. आणि अत्याचार करणारा बहुतेक वेळा भरवशातलाच असतो. देवरी, सालेकसाकडच्या आश्रमशाळांत सहा-सात वर्षांची मुलं वसतिगृहात राहतात, सणासुदीला घरी जातात. घरची बोली गोंडी, वर्गातली मराठी. ज्या बाईंकडून परवा मार खाल्ला, त्यांच्याकडे असली गोष्ट सांगायला मूल धजेल कसं? ज्याला धड लिहिता येत नाही, ते पेटीत काय टाकणार?

पोक्सोने कोर्टात दुभाषा दिला आहे. तो वसतिगृहात आधी हवा: मुलांची बोली बोलणारी एक बाई, जिच्या हाती हजेरी नाही, छडी नाही. मुलांच्या मदतीची १०९८ हेल्पलाइन लावण्यापुरता फोन मुलांच्या खोलीशी असावा, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नको. आणि चांगल्या-वाईट स्पर्शाचा तास जूनअखेर शाळा उघडते त्याच आठवड्यात व्हावा, रोवणी सुरू होण्याआधी, आईबापांना सोबत बसवून.