गोळी कुठे अडते?

एचआयव्हीची रोजची गोळी चुकली की दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘विसरलात का?’ बायकांच्या बाबतीत तो बऱ्याचदा नेम चुकवतो. गोळी लक्षात असते; सासू-जावेसमोर ती घ्यायची कशी, हा पेच असतो. लग्नघरी मुक्कामाला जाताना डबी खुळखुळली तर?

सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रांत, 2004 पासून हे उपचार मोफत मिळतात. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा दिली जातात. वारंवार खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारा होण्याची भीती असते. म्हणून केंद्रावर उरलेल्या गोळ्या मोजतात. 95 टक्के नियमितपणाचा निकष लावला, तर महिन्याच्या 30 गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी बाई त्याखाली घसरते.

समुपदेशक समोर बसवून हे सारे सांगतेच. पण घर सांभाळून गोळी घेण्याची युक्ती बहुधा त्याच वाटेने गेलेल्या बाईकडे असते. म्हणून अशा बायकांचा गट. आठ-दहा जणी बसतात. डबीत कापूस घालावा, हे एखादी सुचवते. दुसरी म्हणते, चतुर्थीच्या उपवासाला मी गोळी घेत नाही. तिथे समुपदेशक सांगते, ही गोळी उपाशीपोटीही चालते. गरोदरपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचा मेळही इथेच बसतो : त्या जेवणासोबत असतील तर एचआयव्हीची गोळी बरोबरच घ्यावी, उपाशीपोटी असतील तर ती दोन तास आधी किंवा सहा तासांनी. हे गरोदर बाईला कळायलाच हवे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. योग्य उपचारांनी ती पाच टक्क्यांखाली येते.

गटाचा उपयोग झाला की नाही, हे हजेरीपटावरून कळत नाही. ते विषाणूभाराच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, तपासणीत दिसते. तो सतत मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. ही गोष्ट बरोबरीच्या बाईच्या तोंडून ऐकली की पटते.

मात्र गट हा सगळ्यावरचा इलाज नव्हे. मारहाण सोसणारी, नैराश्याने खचलेली बाई चारचौघींत बोलणार नाही. तिला एकटीलाच वेळ द्यावा लागतो. 2017 च्या कायद्याने एचआयव्हीबाबतच्या माहितीच्या गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. पण एकाच गावच्या दोघी समोरासमोर आल्या तर भीती कायद्याने जात नाही. त्यामुळे गटात यायचे की नाही, हे बाईनेच ठरवावे, आणि नाही म्हणाली तरी तिच्या औषधात काही उणे पडू नये.