इशारा दिला म्हणजे उत्पादक सुटतो काय?

उघड्या भांड्यातील पाणी कितीही उकळले, तरी समुद्रसपाटीस त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि उत्कलनबिंदूही चढतो. घरगुती प्रेशर कुकरमध्ये तो सुमारे १२० अंशांपर्यंत जातो. म्हणूनच डाळ लवकर शिजते. दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने असे बंद भांडे १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ते फुटू नये म्हणून त्याने वजनाने दाबलेली झडप योजिली. आपली शिटी ही तिचीच वंशज होय. शिटीची वाट तुंबल्यास दुसरा आधार म्हणून झाकणावर सुरक्षा-झडप असते. तापमान मर्यादेबाहेर गेले की तिच्यातील मिश्रधातू वितळतो व वाफ बाहेर पडते.

समजा, ही झडप एकदा वितळली. उत्पादकाचीच नवी झडप बसवावी, असे सूचनापत्रकात स्पष्ट लिहिले आहे. तरीही घरातील कोणी त्या छिद्रात हाताशी सापडलेला स्क्रू पिळून बसविला. पुढे डाळीच्या सालीने शिटीची वाट बंद झाली, झाकण उडाले आणि स्वयंपाक करणारी भाजली. भरपाई कोणी द्यावी?

भारतात याचे उत्तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याच्या सहाव्या प्रकरणात शोधावे लागते. ते जुलै २०२० पासून अमलात आहे. हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरबदल झालेला असल्यास विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा दावा आणता येत नाही, असे कलम ८७ सांगते. तेव्हा दुकानदार येथे सुटतो. उघड किंवा सर्वज्ञात धोक्याचा इशारा दिला नाही, म्हणून उत्पादकासही जबाबदार धरले जात नाही. सुरी कापते, हे सुरीवर छापावयास नको.

परंतु कलम ८४ मधील शब्द बारकाईने वाचण्याजोगे आहेत. योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसणे, तसेच चुकीच्या वापराविषयी इशारा नसणे, ही उत्पादकाच्या दायित्वाची कारणे तेथे दिली आहेत. माणूस चुकणार, हे कायद्याने गृहीतच धरले आहे! शिवाय सूचना ‘पुरेशा’ हव्यात. वापरणारीला जी भाषा वाचता येत नाही तीत, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली सूचना पुरेशी म्हणावी काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. अर्थात भाषांतर हाच ज्याचा व्यवसाय, त्याचे मत या बाबतीत थोडे एकांगी असावयाचेच.

याच कलमात रचनेतील दोष हे दायित्वाचे स्वतंत्र कारण म्हणून दिले आहे. सदोष रचना केवळ इशारा छापल्याने निर्दोष होत नाही. काही कुकरांचे झाकण आतून बसते. वाफेचा दाबच त्याला काठाशी घट्ट धरून ठेवतो, आणि दाब उतरेपर्यंत ते निघत नाही. तेथे सुरक्षितता कोणाच्या वाचनावर अवलंबून राहत नाही. म्हणूनच अभियंते आधी धोका रचनेतून काढू पाहतात, मग त्यास आडोसा करतात, आणि इशाऱ्याचा आधार सर्वांत शेवटी घेतात.

आपल्या उदाहरणात उत्पादकास विचारण्याजोगा प्रश्न हाच आहे: झडपेच्या छिद्रात बाजारचा कोणताही स्क्रू बसावा, अशी रचना का ठेवली? आणि झाकण त्या स्क्रूमुळे उडाले, की धातूच मुळात कच्चा होता? चाचणीवाचून दोष ठरत नसेल, तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवितो. तेव्हा अपघातानंतर ते झाकण, तो स्क्रू व सूचनापत्रक भंगारात टाकू नये.