दाताला हाडाशी बांधणारी वीण

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दाताचे मूळ व जबडा यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीची तंतुमय ऊती असते. तिच्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे धागे दोरासारखे एकत्र येऊन एका टोकाने मुळाच्या आवरणात, तर दुसऱ्या टोकाने हाडात रुततात. बहुतेक धागे तिरपे असल्याने घास चावताना दात जणू झोळीत तोलला जातो. पेरिओस्टिन हे प्रथिन या धाग्यांची जुळणी राखते.

ही वीण सतत झिजते व नव्याने विणली जाते. त्यासाठी 'क' जीवनसत्त्व आवश्यक असते. म्हणूनच स्कर्व्हीच्या रुग्णांचे दात हलतात. १७४७ साली जेम्स लिंड यांनी अशा खलाशांवर संत्री-लिंबांचा गुण दाखवून दिला.

आज ही वीण उसवते ती मुख्यतः हिरड्यांच्या जंतुसंसर्गाने. तंबाखू, मिशरी व अनियंत्रित मधुमेह त्यास हातभार लावतात. बहुधा वेदना नसल्याने रुग्ण दात हलू लागल्यावरच येतो आणि तोवर झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, येथे मुद्दल गेले की परत येत नाही. म्हणून हिरडीतून रक्त दिसताच तपासणी करून घ्यावी, ही कुटुंबियांस विनंती. आणि अशा वेळेवरच्या तपासणीस देणगीदारांनी हातभार लावावा, ही नम्र अपेक्षा.