संगणकालाही चकवणारे बुद्धिबळातले शेवटचे डाव

कोष्टके: दोन्ही राजे धरून 7 मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींची उकल देणारी कोष्टके मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह विद्यापीठातील महासंगणकावर 2012मध्ये तयार झाली. त्यातल्या एका स्थितीत मात व्हायला 549 चाली लागतात!

किल्ला: कमकुवत बाजूची अभेद्य तटबंदी. जुने प्रोग्रॅम मोहऱ्यांचे वजन मोजून विजय दाखवत, डाव बरोबरीचाच.

चुकीचा उंट: प्यादे कडेच्या पट्टीतले आणि त्याचे वजीर होण्याचे घर उंटाच्या रंगाचे नाही. एकटा विरोधी राजा त्या कोपऱ्यात ठाण मांडून बसला की बरोबरी. उंट आणि प्यादे दोन्ही जास्त असूनही.

आपल्याकडे: त्रिवेंगडाचार्य शास्त्रींच्या मूळ संस्कृत बुद्धिबळ-कूटांचे इंग्रजी पुस्तक मुंबईत छापले गेले, 1814 साली.